ईशानला, कुलाब्याच्या उंबऱ्याबद्दल

प्रिय ईशान,

रविवारी स्कारबरोचा किल्ला बघून परत येताना तू मागच्या सीटवरून जे विचारलंस त्याला मी "नंतर सांगते" म्हटलं, मग माल्टनला चिप्स घेतले, तू झोपलास, आणि ते नंतर काही आलंच नाही. म्हणून लिहितेय. तुझं देवनागरी अजून अडखळतं, तर आपण बरोबर बसून वाचू, किंवा मी वाचून दाखवते, किंवा ठेवून दे आणि मोठा झालास की वाच. घाई काही नाही.

तू म्हणालास, "आई, तू इकडे ते नाही केलंस. ते खाली हात लावून कपाळाला लावायचं. अलिबागला केलं होतंस. हा आपला किल्ला नाही म्हणून?"

बाबा हसला. मला हसू नाही आलं. कारण त्याच्या अर्धा तास आधी, वर कॅसलच्या कठड्यापाशी, वाऱ्यानं धड उभं राहता येत नव्हतं तेव्हा तू मला पहिल्या महायुद्धातली, १६ डिसेंबर १९१४ ची गोष्ट सांगत होतास. जर्मन युद्धनौका सकाळी आठच्या सुमारास आल्या, गावावर आणि या कॅसलवर तोफगोळे टाकले, लोक नाश्ता करत होते, चौदा महिन्यांचं एक बाळ गेलं. नाक लाल झालेलं तुझं, आणि सांगताना आवाज बदलला होता. मी अलिबागच्या कुलाबा किल्ल्याबद्दल बोलायला लागले की माझा बदलतो ना, तसाच. म्हणजे तुझ्यासाठी तो "आपला" होता. आणि तू बघत होतास की आई दरवाजातून खिशात हात घालून सरळ आत गेली.

याचं उत्तर मला लगेच देता आलं नाही आणि अजून नीट येत नाहीये. पण जिथून ते सुरू झालं तिथलं सांगते.

तुझा अजून एक प्रश्न होता, आपण हे सगळं थंडीतच का बघतो. स्कारबरोला थंडीत जायचं कारण साधं आहे, पार्किंग मिळतं आणि वर गर्दी नसते. अलिबागचं तसं नाही. तिथे पावसाळ्यात कुलाबा किल्ला फक्त लांबूनच बघायचा, लाटा तटावर आपटून फेस उंच उडतो, आजी तर आम्हाला किनाऱ्यावरच्या वाळूत पण जाऊ द्यायची नाही. नारळीपौर्णिमा झाली की होड्या बाहेर पडायच्या, पण चालत किल्ल्यात जायचं ते आमच्या घरी डिसेंबर-जानेवारीतच. खडकांवरचं शेवाळ सुकलेलं असतं, समुद्र शांत असतो, भर दुपारचं ऊनही सोसतं. किल्ला पाण्यात, पण ओहोटीला पायी जाता येतं, हे तू स्वतः बघितलंस, तुझे बूट मीच धरले होते.

ओहोटी कधी हे काढायला आबांनी शिकवलं. आबा म्हणजे माझे आजोबा, तू त्यांना फक्त हॉलमधल्या फोटोत बघितलंयस. एसटीत मेकॅनिक होते. रविवारी सकाळी चष्मा कपाळावर चढवून कालनिर्णयसमोर उभे राहायचे आणि तिथी बघायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. म्हणजे दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, साडेसातला भरती, आणि तिथून सहा तासांनी, दीडच्या आसपास, पूर्ण ओहोटी. चंद्र रोज पाऊण तास किंवा थोडा जास्तच उशिरा उगवतो आणि पाणी त्याच्या मागून जातं म्हणून हे जमतं. आबांना पाऊणकी तोंडपाठ होती, मी बोटांवर करायचे आणि ते थांबायचे, सांगून टाकायचे नाहीत. आता अ‍ॅपवर मिनिटासकट कळतं, मी पण अ‍ॅपच बघते, पण आधी मनात पाऊणपट करून घेते आणि मग ताडून बघते. ती सवय काही गेली नाही.

मग दादा, मी आणि आबा निघायचो. चपला कापडी पिशवीत, पिशवी आबांच्या खांद्यावर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. आधी ओली टणक वाळू, मग खडक, मध्येमध्ये घोट्याएवढं, कधी गुडघ्याएवढं पाणी. खडकावर कालवं असतात, त्यांची कवचं ब्लेडसारखी. एकदा माझ्या टाचेखाली गेलं, रक्त बघून मी भोकाड पसरलं, तर तिथेच कालवं काढत बसलेल्या एका कोळणीनं मला मांडीवर घेतलं, समुद्राच्या पाण्यानं जखम धुतली आणि स्वतःच्या पदराची पट्टी फाडून बांधली. तिचं नाव आम्ही विचारलं नाही. तिच्या हाताला येणारा कालवांचा वास मला अजून आठवतो.

आणि मग तो दरवाजा, दगडात हत्ती आणि मोर कोरलेला. आबा पिशवी खाली ठेवायचे, ओले हात पँटला पुसायचे, वाकून उंबऱ्याला हात लावायचे आणि तो हात कपाळाला. बोलायचे काहीच नाहीत. नंतर माझ्या मानेवर तळवा ठेवून हलकं खाली दाबायचे, मग दादाच्या. एवढंच. त्यांच्या हाताला रविवारीसुद्धा ग्रीसचा वास यायचा. का करायचं हे कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. तू विचारतोस याचं मला खरंच बरं वाटतं, पण तू विचारल्यावर कळलं की माझ्याकडे उत्तर नाहीये, फक्त मानेवरचा तो तळवा आहे. गेल्या जानेवारीत तुझ्याबरोबर तिथे पोचले तेव्हा माझी मान आपोआप वाकली. वाकू का असं मी ठरवलं नाही.

इतिहास तुला मी त्या दिवशी सांगितला होता, थोडा जास्तच सांगितला बहुतेक. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये काम सुरू करायला सांगितलं, त्याच वर्षी ते गेले, संभाजी महाराजांनी पुरं केलं. मग कान्होजी आंग्र्यांचं आरमार. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून चालून आले आणि हात हलवत परत गेले. हे मी शाळेतल्या पुस्तकातून शिकले. आबा यातलं फार काही बोलायचे नाहीत. त्यांना दगडांत रस. तटाचे दगड मोठाले, एकावर एक नुसते रचलेले, मध्ये चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. आबा माझा हात धरून एका फटीत घालायचे आणि म्हणायचे थांब. भरती चढायला लागली असली की आतून गार हवेचा झोत यायचा हातावर, पाणी यायच्या आधी. मला वाटायचं आत कुणीतरी आहे.

आता मला जे सांगायचंय ते. तुला आठवतं का, उत्तरेकडच्या तटावर चाकांच्या गाड्यावर त्या दोन तोफा आहेत? तू धावत गेलास, वाकून तोफेवरची अक्षरं वाचलीस आणि एवढ्या जोरात ओरडलास, "आई, यॉर्कशायर! लो मूर! लो मूर इज इन ब्रॅडफर्ड!" आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. लो मूर आयर्नवर्क्स, यॉर्कशायर, इंग्लंड. आपल्या घरापासून तासाभराच्या आत. तू दोन्ही हात तोफेवर ठेवलेस आणि म्हणालास, "ही आपली आहे."

आणि मी काय म्हणाले, तर "आपली नाही, त्यांची आहे ती. आपल्यावर ठेवलेली."

खोटं नव्हतं ते. १८४० च्या सुमारास इंग्रजांनी आंग्र्यांचं संस्थान खालसा केलं, त्यांचं राज्य झालं, त्यांच्या तोफा तिथे राहिल्या. पण ज्या आवाजात मी म्हणाले तो आवाज मला आठवतोय, आणि तू हात काढून घेतलास तेही. पुढे किल्ल्यात तू गप्प होतास. मला वाटलं ऊन लागलं असेल.

रविवारी रात्री तुझा प्रश्न डोक्यात घेऊन पडले होते आणि एकदम आठवलं की आबा दरवाजाला नमस्कार करून झाला की पहिले कुठे जायचे? त्या तोफांकडेच. गणपतीच्या देवळात नाही, विहिरीकडे नाही, तोफांकडे. नळीवर हात फिरवायचे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, चाकाचा आस वाकून बघायचे आणि दरवेळी तेच वाक्य, "ओतकाम बघ काय आहे, पोरी. खाऱ्या वाऱ्यात उभी आहे एवढी वर्षं." मला त्या अक्षरांवर बसवायचे. इंग्रजी मला पाचवीपासून, तोवर ती अक्षरं मी फक्त बोटानं गिरवली होती. पाचवीत गेल्यावर एकेक जोडून वाचलं तर मला ते योर्कशिरे वाटलं, आणि आबांना विचारलं हे कुठे आहे, तर म्हणाले, "असेल लांब. चांगले कारागीर असणार तिथले."

त्यांनी कधीच सांगितलं नाही की ही शत्रूची आहे. मी तुला पहिल्या मिनिटात सांगितलं.

आपल्या कौन्सिलच्या लायब्ररीतल्या एका पुस्तकात वाचलं की लो मूरचा कारखाना १७९१ साली सुरू झाला, कोळसा आणि लोखंडाचा दगड दोन्ही जवळपास सापडायचे, आणि तिथलं लोखंड त्या काळी नावाजलेलं होतं. आबांना हे सांगायला हवं होतं. त्यांनी मला खोदून खोदून विचारलं असतं, भट्टी केवढी, साचा कशाचा.

मी इथे आल्यापासून थोडी घट्ट झालेय, ईशान. अलिबागला असते तर बहुतेक नसते झाले. तिथे कुणाला काही सांभाळायला लागत नाही, सगळं आपलं आपण चालू असतं. दिवाळीत अंगणात किल्ला करायचो, माती, वीट, गोणपाट, वर हळीव पेरायचं की चार दिवसांत हिरवं रान तयार. आळीतल्या सगळ्या पोरांचे डोंगरी किल्ले, रायगड, प्रतापगड, माझा एकटीचा घमेल्यात, चारी बाजूंनी पाणी घालून. कुणी आम्हाला सांगत नव्हतं की ही आपली संस्कृती आहे, मातीत हात घालायला मिळायचे एवढंच. आणि इथे मी तुला ऑक्टोबरच्या पावसात मागच्या बागेत नेते आणि सांगते की हे केलंच पाहिजे, आणि तू म्हणतोस की हळीव म्हणजे क्रेस, ते तर आम्ही शाळेत अंड्याच्या कवचात उगवतो, आणि मी म्हणते हे वेगळं. वेगळं नाहीये रे. तेच बी आहे.

तरी एक गोष्ट माझ्या बाजूनं सांगू दे. नोव्हेंबरमध्ये युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी तू कोटाला पॉपीचं लाल फूल लावून जातोस, अकरा वाजता दोन मिनिटं गप्प उभा राहतोस. मी तुला कधी विचारलं नाही की का. मला ते आवडतं, तुझं गप्प उभं राहणं. माझं वाकणं साधारण तसंच काहीतरी आहे असं मला वाटतं, पण नक्की तसंच आहे का, माहीत नाही, कारण स्कारबरोच्या दरवाजात माझी मान वाकली नाही हे तू बरोबर पकडलंस. तिथे माझ्या मानेवर कधी कुणाचा तळवा नव्हता. तुझ्या मानेवर असेल कदाचित, तुझ्या मिसचा, तुझ्या मित्रांचा. मी तो बघितला नाही कारण मी थंडीनं कुडकुडत गाडीची किल्ली शोधत होते.

आणि तुला हेही माहितीये की मी तुझ्या मानेवर हात ठेवला नाही गेल्या जानेवारीत. ठेवणार होते. उचलला पण होता. मग वाटलं तू म्हणशील आई काय करतेस, म्हणून तुझी टोपी नीट केल्यासारखं केलं. ते बरोबर केलं की चुकलं हे मला अजून ठरवता येत नाही.

मामाचा फोन आला होता काल. वाडीत वालाच्या शेंगा भरल्यात, भांबुर्डीचा पाला पण भरपूर आहे, म्हणतोय या डिसेंबरला नक्की या, भाच्यासाठी पोपटी लावतो. तुला किल्ल्यापेक्षा पोपटीच जास्त आवडली होती हे मला माहितीये, ते मडकं उलटं करून वर पेंढा पेटवला तेव्हा तू आगीच्या इतका जवळ गेलास की आजीनं कॉलरला धरून मागे ओढलं, आणि मग त्या शेंगा, अंडी, बटाटे, सगळ्याला पाल्याचा तो वास. तर जाऊच. तिकिटं बघतेय.

किल्ल्यात तुला यायचं असेल तर ये. मी तिथी पाठवते, वेळ तू काढ, पाऊणपट करून, अ‍ॅप नंतर बघू. या वेळी बूट नको, जुने सँडल घे, कालवं लागतात. दरवाजात मी वाकेन, तू वाकायला पाहिजेस असं काही नाही, तू पुढे जा सरळ तोफांकडे. मी मागून येते. आबा हात कुठून कुठपर्यंत फिरवायचे ते दाखवते तुला.

आणि जायच्या आधी एखाद्या शनिवारी लो मूरला जाऊन येऊ या का? तिथे आता बघण्यासारखं काय उरलंय कुणास ठाऊक. पण तिथल्या एखाद्या जुन्या भिंतीचा फोटो काढून नेऊ, मामाला दाखवायला.

तुझी,
आई