एसटी बंद, कॉलेज सुरू

प्रश्न : आमच्या मुरगूडची 18 पोरं रोज एसटीनं कोल्हापूरला कॉलेजला जातात. संप झाला की वडापवाले (माणशी भाडं घेऊन जीप चालवणारे) तोंडाला येईल तो आकडा सांगतात, आणि संध्याकाळी गाडीचा पत्ताच नसतो. आधीच काय ठरवून ठेवावं?

उत्तर : गाडी कोल्हापूरपर्यंत ठरवू नका, कागलपर्यंतच ठरवा. संप एसटीचा असतो. केएमटी ही कोल्हापूर महापालिकेची बस, आणि निपाणीकडून हायवेनं येणाऱ्या लाल गाड्या कर्नाटकाच्या. त्यामुळं कागल ते कोल्हापूर या 20 किलोमीटरवर काही ना काही मिळतं. अडतं ते मुरगूड-कागलमध्ये.

जीप कोल्हापूरला पोरं सोडून रिकामी परतते, म्हणून भाडं दुप्पट. कागलची फेरी जाऊन-येऊन साधारण 50 किलोमीटर; लिटरला 12 धरले तर चार-सव्वाचार लिटर डिझेल. भाव करताना हा हिशेब समोर ठेवा. शिवाय तीच जीप दोनदा जाते: साडेसहाला 9 पोरं, आठपर्यंत परत, लगेच उरलेली 9. दहाच्या तासाला दोन्ही खेपा पोचतात. आर.सी. बुकात जेवढ्या सीटा, ड्रायव्हर धरून तेवढीच माणसं.

संध्याकाळी गाडी गायब होते, कारण सकाळीच पूर्ण पैसे हातात पडलेले असतात आणि पाचला जीपवाल्याला दुसरं चांगलं भाडं मिळतं. निम्मे सकाळी, निम्मे मुरगूडला उतरल्यावर द्या. कागलच्या स्टँडवर संपात गर्दी उसळते, तेव्हा जीप जवळच्या ठरलेल्या पंपापाशी उभी करायला सांगा. एसटीचा पास केएमटीत चालत नाही. पोरांजवळ दहा-वीसच्या नोटा हव्यात. सीमाभागात ताण असेल तर कर्नाटकाच्या गाड्या सीमेपलीकडंच थांबतात, हेही धरून चाला.

कायद्यानं संपाआधी 14 दिवसांची नोटीस लागते. ती बातमी वाचली की त्याच आठवड्यात जीपवाल्याला गाठा. संपाच्या सकाळी भाव त्याच्या हातात असतो. परीक्षेच्या दिवशी मात्र हा खेळ नको. आदल्या रात्रीच पोराला कोल्हापुरात पावण्यांकडं पाठवा.

प्रश्न : शेजाऱ्यांच्या मोटारीतून माणशी पैसे देऊन गेलं तर?

उत्तर : पांढऱ्या नंबरपाटीची, म्हणजे खासगी गाडी भाड्यानं चालवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी नुकसानभरपाई नाकारू शकते. नोव्हेंबर 2021 च्या संपात सरकारनं खासगी बस, स्कूलबस यांना प्रवासी न्यायची मुभा दिली होती. पण ती त्या वेळच्या आदेशानं, कायमची नव्हे. पिवळ्या पाटीची, म्हणजे भाड्याच्या परवान्याचीच गाडी बघा.