एक तास, एक कागद

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोल्डर उघडून पाहिला. 212 फाइली आहेत, निम्म्या उघडलेल्याही नाहीत. आणि खाली तुझा प्रश्न: सहावीला सातवाहन शिकवायचे आहेत, यातलं नेमकं काय घेऊ? एक तास, एक कागद. एवढंच घे, बाकीचं आज बंद करून ठेव.

तू नाशिकमध्ये शिकवतेस. मुंबई-आग्रा रस्त्यावरून जाताना मुलांना ज्या डोंगरातली पांडवलेणी दिसतात, तिथेच तुझा धडा कोरलेला आहे. इंटरनेट अर्काइव्हवर ‘एपिग्राफिया इंडिका’ या जुन्या कोरीव लेखांच्या नियतकालिकाचा आठवा खंड शोध, 1905-06 चा. त्यात एमिल सेनार या फ्रेंच पंडिताने नाशिकचे कोरीव लेख मूळ वाचन आणि इंग्रजी भाषांतरासह छापले आहेत. शोधताना नाशिकचं जुनं स्पेलिंग टाक, त्यात ‘एच’ नाही. मराठीतही ‘नासिक’ लिहून बघ. बरीच मंडळी हे न करता ‘काही सापडलं नाही’ म्हणून परत येतात. आणखी एक, स्क्रीनवरचा पान क्रमांक आणि छापील क्रमांक जुळत नाहीत, कारण मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिकाही मोजलेली असते. टिपून ठेवायचा तो छापील क्रमांक.

आता त्यातला बारावा लेख काढ, दहाव्या लेण्यातला. तो सातवाहनांचा नाही, त्यांच्या शत्रूंचा आहे, म्हणजे क्षहरात घराण्यातल्या क्षत्रपांचा (शक राज्यकर्त्यांचा). सोप्या मराठीत तो असा उतरतो: वर्ष 42, वैशाख महिना. क्षहरात क्षत्रप राजा नहपानाचा जावई, दीनिकाचा मुलगा उषवदात याने हे लेणं संघाला दिलं. सोबत 3000 कार्षापणांची कायमची ठेव दिली. त्यातले 2000 गोवर्धन गावच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. 1000 दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. 2000 च्या व्याजातून, लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापणं चिवरासाठी.

कागदावर एवढाच मजकूर जाऊ दे. प्रस्तावना नको, सातवाहनांची वंशावळ तर नकोच.

पहिली पाच मिनिटं मुलांना गप्प वाचू दे. तू बोलायचं नाहीस, आणि हेच सगळ्यांत अवघड जातं. पुढची दहा मिनिटं अडलेल्या शब्दांची: कार्षापण म्हणजे त्या काळचं नाणं, श्रेणी म्हणजे कारागिरांची संघटना, वर्षावास म्हणजे पावसाळ्यात एकाच जागी मुक्काम, चिवर म्हणजे भिक्षूचं वस्त्र. मग हिशेब त्यांनाच करू दे. 2000 वर शेकडा एक म्हणजे महिन्याला 20, वर्षाला 240. वीस भिक्षू गुणिले 12, तेही 240. हा हिशेब मुलांच्या हातून जुळायला हवा, तू फळ्यावर जुळवलास की कागद वाया गेला. दुसऱ्या श्रेणीचे वर्षाला 90 येतात, ते कशासाठी असतील यावर वाद होऊ दे. उरलेल्या वेळात दोनच प्रश्न विचार. राजाच्या जावयाने पैसा खजिन्यात न ठेवता विणकरांकडे का ठेवला? आणि हा कागद काय सांगत नाही? एकाही विणकराचं नाव त्यात नाही, हे कुणीतरी बोलेपर्यंत थांब.

छपाईचं आधी ठरव. ए-फोर कागद, अक्षर 14, दोन मुलांत एक प्रत. साठ मुलांना तीस प्रती पुरतात, आणि दोघांनी मिळून वाचलं की बोलणंही होतं. मूळ ब्राह्मी दाखवायची असेल तर एक काळजी घे. त्या खंडातले ठसे काळ्यावर पांढरी अक्षरं असे आहेत, झेरॉक्समध्ये नुसता काळा डाग येतो. मोबाइलमध्ये रंग उलटे करून घे आणि दोनच ओळी मोठ्या करून छाप. प्रोजेक्टरवर विसंबू नकोस. वीज गेली किंवा नेट अडकलं तरी कागद हातात असतो.

दुसऱ्या तासाला जोगळटेंभी गावची नाणी. नाशिक जिल्ह्यातच 1906 मध्ये सापडलेल्या नहपानाच्या 13 हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी 9 हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. अशा एकाच नाण्याचं चित्र दे. तिसऱ्या तासाला तिसऱ्या लेण्यातला त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख, त्यातलंही पूर्ण भाषांतर नको, मुलाचा गौरव करणारा परिच्छेद पुरे. क्षहरातांचा वंश त्याने निरवशेष केला हे त्या लेखात आहे, आणि मुलांनी नाणं आदल्या तासालाच पाहिलेलं आहे. तीन तास, तीन कागद. बारा स्लाइडी दाखवून हे कधीच साधलं नाही. तो उद्योग मीही केलेला आहे आणि त्याची खंत वाटते.

‘अभ्यासक्रम संपणार नाही’ हे वाक्य मला लिहू नकोस. मलाही ते ऐकवलं जातं. संपवणं म्हणजे पानं उलटणं असेल तर मी मागे आहे, खुशाल राहीन. उरलेले मुद्दे पाठ्यपुस्तकातून एका तासात उरकता येतात, मुलं वाचू शकतात. कागदाशी झुंजायला मात्र त्यांना तूच लागतेस.

बाकीच्या साइटींचं थोडक्यात सांगते. विश्वकोश तुझ्या स्वतःच्या तयारीसाठी. ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-अ‍ॅपवरचे व्हिडिओ धडा झाल्यावर उजळणीला, आधी कधीच नाही. 1883 चं नाशिकचं गॅझेटियर, सोळावा खंड, लेण्यांच्या माहितीसाठी उत्तम आहे. पण ते इंग्रज सरकारने आपला कारभार चालवण्यासाठी लिहून घेतलं, जातींची वर्णनं तशीच्या तशी वर्गात नेऊ नकोस. आठवीसाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ आहे, नोंदणी मोफत आहे. विकिमीडिया कॉमन्सवरचा फोटो घेताना लेण्याचा क्रमांक लिहिला आहे का ते बघ. नुसतं ‘नाशिक लेणी’ पुरत नाही. शिकवण्यासाठी उतारा छापून वाटायला कायद्याने सूट आहे, तोच मजकूर यूट्यूबवर टाकणं ही वेगळी गोष्ट, तिथे परवाना वाच.

रविवारपर्यंत बाराव्या लेखाचं तुझं मराठी मला पाठव. एकच पान. दुसरं पान जोडलंस तर मी उघडणार नाही.

तुझी,
बाई