घरच्या रेकॉर्डिंगसाठी २५ हजारांत कोणता बेस गिटार घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सदाशिव पेठेतल्या खोलीत लॅपटॉप आणि छोटा ऑडिओ इंटरफेस (वाद्य लॅपटॉपला जोडणारी पेटी) एवढ्यावर स्वतःची गाणी रेकॉर्ड करायची आहेत, गाणी अभंग-भावगीताच्या वळणाची आहेत, सोबत मित्राचा तबला आहे आणि बेससाठी २५ हजार बाजूला काढलेत. तर कोणता बेस घ्यावा, चार तारांचा की पाच तारांचा, अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह? स्टेजवर वाजवायचा विचार नाही हेही तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. म्हणजे अ‍ॅम्पचा खर्च वाचला.

उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. चार तारांचा, पॅसिव्ह (बॅटरी नसलेला), प्रिसिजन पद्धतीचा पिकअप (तारांची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) असलेला बेस घ्या. बेसवर वीस हजारांच्या वर जाऊ नका, उरलेले पैसे सेटअप (वाद्य नीट लावून घेणं) आणि तारांसाठी ठेवा. मी पुण्यात बरीच वर्षं मित्रांच्या गाण्यांवर आणि कॉलेजच्या पोरांच्या फिरोदिया करंडकाच्या ट्रॅकवर बेस वाजवतोय, रेकॉर्डही करतोय. रेकॉर्डिंगच्या बेसकडून मी सगळ्यात आधी एकच गोष्ट मागतो: प्रत्येक सूर सारख्या वजनाने आला पाहिजे. टोन नंतर सॉफ्टवेअरमध्ये बदलता येतो. पण एखादा सूर लाकडातच मरत असेल, तर त्याला मागाहून जीव आणता येत नाही.

पिकअपबद्दल. लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि १९५७ साली त्याला दोन तुकड्यांचा पिकअप बसवला. तोच आराखडा आजही स्वस्त-महाग सगळ्या कंपन्या वापरतात. दोन तुकड्यांची गुंडाळी एकमेकांच्या उलट असते, त्यामुळे वायरिंगमधून येणारी गुणगुण आपोआप कटते. जॅझ बेसच्या पिकअपला (तो १९६०चा) दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असले तरच ही सोय मिळते. एकच उघडा ठेवला की गुणगुण सुरू. पेठेतल्या जुन्या घरांमधलं वायरिंग बघता मला हा फरक फार मोठा वाटतो. बाजारात पीजे नावाचा मधला प्रकार आहे, नेकच्या (दांड्याच्या) बाजूला प्रिसिजन आणि ब्रिजजवळ (तारा खाली जिथे टेकतात तिथे) जॅझ. तोही चांगला. मात्र दोन्ही पिकअप एकदम उघडले की आवाजाचा मधला भाग पोकळ होतो. एकट्याने वाजवताना ते गोड लागतं, पण गाण्यात बेस गायब होतो. पीजे घेतलात तर रेकॉर्ड करताना पुढचा पिकअप पूर्ण उघडा आणि मागचा बंद, इथून सुरुवात करा.

मधल्या भागाचा मी एवढा आग्रह धरतो तो तुमच्या तबल्यामुळे. रॉकच्या गाण्यात बेसला खाली फक्त बास ड्रमशी जुळवून घ्यायचं असतं. तुमच्याकडे डग्गा आहे. तो खालच्या भागात घुमतो, वर मनगटाच्या दाबाने त्याचा सूर सरकत राहतो. बेसही तिथेच गच्च भरला तर दोघांचा मिळून नुसता गोळा होतो आणि डग्ग्याचं बोलणंच ऐकू येत नाही. प्रिसिजनचा जोर जरा वरच्या भागात, मधल्या सुरांत असतो. त्यामुळे खालची जागा डग्ग्याला देऊनही बेस कळतो. शिवाय तुमची गाणी बहुतेक लोक मोबाइलवर ऐकणार. बेसच्या सगळ्यात खालच्या मोकळ्या तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो आणि मोबाइलचा स्पीकर तिथवर पोचतच नाही. तिथे ऐकू येतो तो त्या सुराचा वरचा, मधल्या भागातला अंश. तोच नसेल तर मोबाइलवर तुमच्या गाण्यात बेस वाजतोय हे कुणाला कळणारही नाही.

अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, सिग्नल वाढवणारा प्रीअ‍ॅम्प असतो. महागड्या बेसमधले प्रीअ‍ॅम्प उत्तम असतात. या किमतीतल्या अनेकांमधून मात्र बारीक सूं असा आवाज येतो, आणि केबल लावून ठेवली की वाजवा न वाजवा, बॅटरी उतरत राहते. तुमच्याकडे सॉफ्टवेअरमध्ये ईक्यू (खालचा, मधला, वरचा आवाज कमी-जास्त करायची सोय) आहेच. पॅसिव्ह घ्या.

आता पाचव्या तारेचं. लोक म्हणतात, खर्ज हवा असेल तर पाच तारा. तुमच्या गाण्यांची पट्टी बघून ठरवा. पुरुष गायक बहुधा काळी एक किंवा काळी दोनमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या किंवा दुसऱ्या काळ्या पट्टीला सा धरून) गातो. काळी एकचा सा चार तारांच्या बेसवर दुसऱ्या जाड तारेच्या चौथ्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) मिळतो, साधारण ६९ हर्ट्झ. रेकॉर्डिंगला तो सूर पुरेपूर आहे. काळी दोनचं गाणं असेल तर चारही तारा अर्ध्या सुराने उतरवा, म्हणजे सगळ्यात जाड मोकळी तार हाच तुमचा सा. अभंगाला त्या मोकळ्या तारेचा ठेहराव फार शोभतो. पाच तारांच्या स्वस्त बेसमध्ये ती पाचवी तार बहुतेकदा ढिली आणि भोंगळ वाजते. त्याच पैशात चार तारांचा बेस जास्त नीट बनलेला मिळतो.

नावं हवी असतील तर माझी पहिली पसंती यामाहा टीआरबीएक्स १७४. पॅसिव्ह, पीजे पिकअप, ३४ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), दोन पिकअपना दोन व्हॉल्यूम आणि एक टोन, बस. यामाहाच्या एकसारख्या दोन नगांमध्ये फरक कमी असतो, या किमतीत ही मोठी गोष्ट आहे. कॉर्टचा अ‍ॅक्शन पीजे हा दुसरा. स्क्वायरच्या सॉनिक मालिकेतला प्रिसिजन साधा आणि नेमका तुमच्या कामाचा आहे. अ‍ॅफिनिटी मालिका त्याच्या वरची, ती जुनी मिळाली तर जरूर बघा. आयबानेझचा जीएसआर २०० हलका, नेक बारीक, हाताला सोपा, पण त्यात बास वाढवणारा अ‍ॅक्टिव्ह बूस्ट आहे, तो रेकॉर्डिंगला शून्यावर ठेवायचा. हात लहान असतील तर ३० इंची शॉर्ट स्केलला नाक मुरडू नका. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचा हॉफनर शॉर्ट स्केलच होता. त्याचा सूर गोल आणि बुटका असतो, तबल्याला तो छान जुळतो.

मात्र मॉडेल ठरवून ऑनलाइन मागवू नका. तुमच्या हातात येणारा नग कसा आहे, ते मॉडेलच्या नावाइतकंच महत्त्वाचं. कॅम्पात किंवा जिथे बेस टांगलेले असतील तिथे, रविवारची गर्दी टाळून, सकाळी दुकान उघडतानाच जा. आधी अ‍ॅम्पला न जोडता वाजवा. बेसच्या अंगाचं शिंगासारखं वरचं टोक हनुवटीला किंवा गालाला टेकवा आणि सगळ्यात बारीक तार एकेका फ्रेटवर, सारख्या जोराने छेडत जा. प्रत्येक सूर किती वेळ टिकतो ते ऐका. पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या दरम्यान एखादा सूर धप् करून विझतो, तो डेड स्पॉट. बोल्टने जोडलेल्या नेकच्या बेसमध्ये तो थोडाफार असतोच. पण शेजारचे सूर चार सेकंद टिकत असताना हा एका सेकंदात जात असेल, तर तो नग परत भिंतीवर टांगा. त्याच मॉडेलचा दुसरा मागा, त्यात तो दोष नसूही शकतो. मग ट्यूनर लावून प्रत्येक तारेचा मोकळा आणि बाराव्या फ्रेटवरचा सूर जुळतो का बघा. थोडा फरक सेटअपने जातो, तेवढ्यासाठी नाकारू नका.

जमलं तर तुमचा इंटरफेस, लॅपटॉप आणि हेडफोन सोबत न्या. दुकानदाराला नीट विचारलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. एकच ओळ दोन-तीन बेसवर रेकॉर्ड करा आणि घरी येऊन तबल्याच्या ट्रॅकखाली लावून ऐका. दुकानातल्या मोठ्या अ‍ॅम्पवर छाती भरून टाकणारा बेस गाण्यात अनेकदा चिखल करतो. तिथे जरा कोरडा वाटलेला बेस गाण्यात बरोबर बसतो.

जुना बेस घ्यायलाही माझी पूर्ण संमती आहे. शिक्षण संपवून गावी किंवा परदेशी निघालेली मुलं उन्हाळ्यात वाद्यं विकायला काढतात आणि त्यात चांगले बेस निघतात. नेक एका बाजूने डोळ्यासमोर धरून पीळ बघा, हेडस्टॉकजवळ (खुंट्यांच्या टोकाजवळ) चीर बघा, ट्रस रॉडचा (नेकचा बाक सांभाळणाऱ्या आतल्या सळईचा) नट फिरतो का ते विचारा. या तिन्हीपैकी एकात गडबड असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी सोडा.

सेटअपसाठी हजार-दोन हजार ठेवा. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची दोन-अडीच मिलिमीटर असली की साध्या हाताला सोपं जातं आणि तार फ्रेटवर खडखडत नाही. पुण्याची हवा हा वेगळाच विषय आहे. मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात फिंगरबोर्डचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं कडेने बोटाला टोचू लागतात. पावसाळ्यात तेच लाकूड दमट होऊन नेकचा बाक बदलतो. म्हणून सेटअप एकदा पाऊस जोरात सुरू झाल्यावर आणि एकदा थंडी ओसरल्यावर तपासावा. बेस खिडकीजवळ किंवा बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

तारांवर थोडं जास्त बोलतो, कारण तुमच्या गाण्यांच्या जातीला त्यानेच सगळ्यात जास्त फरक पडेल. बेसवर येतात त्या राउंडवाउंड तारा, खडबडीत, झणझणीत. बोट सरकलं की चर्र असा आवाज येतो आणि हळुवार भावगीतात तो मायक्रोफोनशिवायही नको तितका स्पष्ट उतरतो. फ्लॅटवाउंड तारा गुळगुळीत असतात. त्यांचा सूर लवकर उमटतो, लवकर शांत होतो. महाग असतात, पण वर्षानुवर्षं टिकतात. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांवर वाजवणारा जेम्स जेमर्सन प्रिसिजन बेसवर फ्लॅटवाउंड तारा लावायचा आणि बेस थेट कन्सोलमध्ये (स्टुडिओच्या मिक्सरमध्ये) जोडून रेकॉर्ड व्हायचा. म्हणजे तुम्ही खोलीत जे करणार आहात तेच. फ्लॅटवाउंडचा ताण सहसा जास्त असतो, तेव्हा त्या लावल्यावर नेक परत तपासून घ्या. एवढे पैसे आता नसतील तर ब्रिजजवळ तारांखाली स्पंजची पातळ पट्टी सारा. दहा रुपयांत सूर आखूड होतो आणि डग्ग्याला मोकळी जागा मिळते.

रेकॉर्ड करताना इंटरफेसवरचं इन्स्ट्रुमेंटचं बटण चालू हवं. ते बंद राहिलं तर पॅसिव्ह पिकअपचा वरचा भाग दबतो आणि बेस ब्लँकेटखालून आल्यासारखा वाटतो. पातळी अशी ठेवा की जोरात छेडलेला सूरही उणे दहा डेसिबलच्या आसपास थांबेल. अ‍ॅम्पचा रंग हवा असेल तर इग्नाइट अ‍ॅम्प्सचा एसएचबी-१ हा प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) फुकट मिळतो. साधा सूर वेगळ्या ट्रॅकवर नेहमी जपून ठेवा, उद्या मत बदललं तर तो लागतो.

गुणगुण आली तर बेसला दोष देण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून पाहा. मग ट्यूबलाइट आणि डिमर बंद करा. तारांना हात लावल्यावर आवाज थांबतो आणि सोडल्यावर परत येतो, असं होत असेल तर बेसची ब्रिजकडची वायर ठीक आहे, आवाज खोलीतून येतोय. अशा वेळी इलेक्ट्रिशियनला बोलवून सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का ते तपासून घ्या. जुन्या वाड्यांमध्ये तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. हे काम बेस घेण्याआधी उरकलंत तर आणखी चांगलं, कारण ते तुमच्या सुरक्षेचंही आहे.