नागपुरात परवडणारी घरे आणि करकायदा या विषयात वकिली करता येईल का?

एलएलबीनंतर नागपुरातच राहून परवडणारी घरे आणि त्यांवरचे कर एवढ्याच विषयाची वकिली जमेल का, असा तुमचा प्रश्न आहे. जमेल. फक्त सुरुवात कलमांपासून करू नका, जमिनीच्या कागदांपासून करा.

सनद मिळाली, ऑल इंडिया बार परीक्षा झाली की पहिली दोन वर्षे टायटल (जमिनीची मालकी) तपासणाऱ्या वकिलाकडे काढा. सातबारा, फेरफार, आखीव पत्रिका (शहरातल्या मिळकतीचा नोंदउतारा) वाचायला शिका. गुंठेवारीचा (परवानगीविना तुकडे पाडून विकलेला) प्लॉट असेल तर नियमितीकरणाचे पत्र, म्हणजे आपल्याकडे ज्याला आरएल म्हणतात ते, आणि वर्ग-२ ची (परवानगीशिवाय विकता न येणारी) जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी बघा. हिशेब सीए करतातच. त्यांना वकील लागतो तो या कागदांसाठी, करारनाम्यासाठी आणि पुढे हायकोर्टासाठी.

कराचा गाभा १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचे कलम ८०-आयबीए, म्हणजे परवडणारी घरे बांधणाऱ्या बिल्डरची करसवलत. ३१ मार्च २०२२ पर्यंत मंजूर झालेल्या प्रकल्पांनाच त्यात नफ्यावर १०० टक्के वजावट आहे, म्हणून विषय संपला असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. प्रकल्प मंजुरीपासून ५ वर्षांत पुरा व्हावा लागतो, आणि संपूर्ण प्रकल्पाचे पूर्णत्व प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत तो पुरा धरत नाहीत. मुदत हुकली की आधी घेतलेली सगळी वजावट उत्पन्नात परत येते. शेवटच्या मंजुऱ्यांची मुदत मार्च २०२७ मध्ये सरते. वाद त्यानंतर वर येतील.

बिल्डर इथे हमखास दोन ठिकाणी अडकतात. सुधारित नकाशा मंजूर झाला की ५ वर्षे नव्याने मोजायची, हा त्यांचा समज चुकीचा आहे. तारीख पहिल्या मंजुरीचीच धरतात. दुसरे, रस्त्याकडेची दुकाने. त्यांचे कार्पेट क्षेत्र (आतली वापरता येणारी जागा) एकूण कार्पेटच्या ३ टक्क्यांवर जाता कामा नये. एकूण ३,००० चौरस मीटर असेल तर दुकानांना ९० मिळतात. २४ चौरस मीटरची चार दुकाने काढली की ९६ झाले, आणि सगळी वजावट धोक्यात.

रोजचे काम मात्र जीएसटीचे. नागपूर महानगरांच्या यादीत नसल्याने इथे ९० चौरस मीटर कार्पेट (साधारण ९६८ चौरस फूट) आणि ४५ लाख किंमत, या दोन्ही मर्यादा पाळणाऱ्या बांधकामाधीन फ्लॅटला १ टक्का कर लागतो, नाहीतर ५. या ४५ लाखांत पार्किंग आणि विकास शुल्कही धरतात. फ्लॅट ४३.५ लाखांचा, पार्किंग २ लाखांचे, म्हणजे एकूण ४५.५ लाख. कर ४५,५०० ऐवजी २,२७,५०० रुपये. सहीआधीच मसुदा वाचून हे पकडायचे असते. कार्पेटही रेराच्या (स्थावर संपदा कायद्याच्या) व्याख्येनेच मोजा: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी सोडायच्या. जाहिरातीतल्या सुपर बिल्टअपवर (जिने, लॉबीचा वाटा धरून सांगितलेल्या क्षेत्रावर) विसंबू नका.

अपिलांच्या दृष्टीने शहर सोयीचे आहे. पहिले अपील बहुतेक वेळा फेसलेस (समोरासमोर न भेटता, ऑनलाइन) असते, तिथे लेखी मांडणीवरच सगळे ठरते. पुढे आयकर अपिलीय न्यायाधिकरण आणि हायकोर्ट, दोघांचीही खंडपीठे नागपुरात आहेत. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू आहे, पण आधीच्या वर्षांच्या फायली जुन्या कायद्यानेच चालतील. दोन्ही टेबलावर ठेवा.

आणि पहिली फाइल हातात आली की मंजूर नकाशा आणि टेप घेऊन साइटवर जा. दुकाने स्वतः मोजा.