मधल्या रकान्यातलं नाव

चि. चिऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा शाळेचा फॉर्म भरताना तू विचारलंस, "बाबा, माझ्या मधल्या नावाच्या जागी तुझं नाव का? माझ्या मैत्रिणीला तिथे तिचं स्वतःचं दुसरं नाव आहे. मला पण माझं माझं काहीतरी हवंय." मी "आपल्याकडे तशी पद्धत आहे" एवढंच म्हणालो आणि तू पेन खाली ठेवलंस. ते उत्तर नव्हतंच, हे मला तेव्हाच कळलं. म्हणून हे पत्र. पत्राची सुरुवातही आजोबांच्या पद्धतीने केली आहे. आपल्यापेक्षा लहान माणसाला लिहिताना नावाआधी "चि." लिहायचं, म्हणजे चिरंजीव. मोठ्यांना लिहिताना "ती.", म्हणजे तीर्थरूप. आजोबांची मला आलेली सगळी पत्रं "चि." ने सुरू होतात. मी चाळीस वर्षांचा झालो तरी होत होती.

आपलं मराठी नाव तीन भागांचं असतं. आधी आपलं, मग वडिलांचं, मग आडनाव. भीमराव रामजी आंबेडकर. बाळ गंगाधर टिळक. तुझ्या खोलीत ज्याचा फोटो आहे तो सचिन रमेश तेंडुलकर. यातला रमेश म्हणजे त्याचे वडील, कवी होते आणि कॉलेजात मराठी शिकवायचे. मधलं नाव हे आपलं आणखी एक नाव नसतं. ते दुसऱ्या माणसाचं असतं आणि तो माणूस आपल्या नावात राहायला आलेला असतो. इथल्या, अमेरिकेतल्या फॉर्मांना हे ठाऊक नाही, त्यामुळे तुझा गोंधळ झाला, यात तुझी काही चूक नाही.

हे असं का, ते मला पुस्तकातून कळलं नाही. आण्णांकडून कळलं. (तुझे आजोबा. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो आणि "अहो आण्णा" असं बोलायचो. तू मला "बाबा, तू" म्हणतेस ते मला आवडतं, पण माझ्या तोंडून त्यांना "तू" कधी निघालं नाही.)

आण्णा सातारा जिल्ह्यात पोस्टमन होते, हे तुला माहीत आहे. पण पोस्टमन म्हणजे काय हे तुला इथल्या पांढऱ्या टपालगाडीवरून कळायचं नाही. तालुक्याच्या पोस्टात सकाळी थैली उघडायची, पत्रं गावांप्रमाणे लावायची, आणि मग सायकलवरून घाट चढून वाड्यावस्त्यांवर जायचं. ते 1971 साली नोकरीला लागले. पुढच्याच वर्षी, 15 ऑगस्ट 1972 ला, पिन कोड आला. सहा आकडे, त्यातला पहिला आपल्या बाजूला 4. तो आणणारे अधिकारी मराठीच होते, श्रीराम भिकाजी वेलणकर. आण्णा त्यांचं नाव नेहमी असंच पूर्ण घ्यायचे आणि वर म्हणायचे, "पिन कोड थैलीला गावापर्यंत नेतो. गावात शिरल्यावर पत्राला घर दाखवतं ते बापाचं नाव."

ते खरंच होतं, कारण आपल्या भागात एकेका गावात निम्मी घरं एकाच आडनावाची. त्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवायचं, त्यामुळे तीच तीच नावं फिरून येणार. एका आळीत एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोन चुलतभाऊ राहायचे. दोघांचेही मुलगे मुंबईला गिरणीत. एकदा मनिऑर्डर आली ती फक्त नाव आणि आडनाव लिहून. पाठवणाऱ्यानेही स्वतःचं नुसतं आडनाव घातलेलं. आता पैसे कुणाला द्यायचे? आण्णा आळीच्या तोंडाशी सायकल टेकवून उभे राहिले. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली एक चिठ्ठी असायची, निरोपासाठी, दोनचार ओळींची. तिच्यावर लिहिलं होतं, "म्हैस व्याली का ते कळवा." दोन्ही घरांपैकी गोठा एकाच घराला होता. आण्णांनी त्या म्हाताऱ्या बाबांचा अंगठा घेतला, नोटा मोजून दिल्या, आणि मग तिथेच ओट्यावर बसून त्यांच्या वतीने मुलाला पत्र लिहिलं: म्हैस व्याली, रेडकू आहे, आणि यापुढे माझ्या नावापुढे माझ्या वडलांचं नाव घालत जा.

ही गोष्ट मी त्यांच्याकडून किती वेळा ऐकली असेन! दर वेळी रेडकाशी आले की त्यांचा आवाज बदलायचा.

दुसरी एक गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि त्यातले कितीतरी आपल्या घाटावरचे आणि कोकणातले. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बायका दारात उभ्या राहायच्या, सायकलच्या घंटीकडे कान लावून. फेब्रुवारीत मनिऑर्डरी कमी झाल्या, मार्चमध्ये आणखी कमी. आण्णा रिकाम्या हातांनी त्याच गल्लीतून जायचे आणि बायका काही न विचारता आत जायच्या. शेवटी त्यांनी रस्ताच बदलला. ओढ्याच्या कडेने, गावाच्या मागून जायला लागले, मैलभर लांब पडायचं तरी. "कुणाच्या आशेवरून सायकल नेऊ नये," असं म्हणाले आणि उठून गोठ्याकडे गेले. मी तेव्हा नोकरी शोधत होतो, म्हणून मला सांगितली असावी. तेव्हा मला ती नीट कळली नाही. आता सकाळी ऑफिसला जाताना मधेच आठवते.

आपल्याकडे लहान मुलाला मोठी माणसं पहिला प्रश्न विचारतात तो "तुझं नाव काय" हा नाही. विचारतात, "कुणाचा रे तू?" मी कुठल्याही वाडीत गेलो की उत्तर ठरलेलं, "पोस्टमनचा धाकटा." एवढं म्हटलं की ताक मिळायचं, आणि कुणी ना कुणी एसटीच्या थांब्यापर्यंत सोबत यायचं. माझं स्वतःचं नाव कुणाला ठाऊक नसायचं आणि त्याची गरजही पडायची नाही. तुझ्या वयात मला याचा थोडा राग यायचा, हे तुला सांगायला हवं. मला वाटायचं, मी कोण मग?

आता एक गंमत बघ. आण्णांचं नाव, जे माझ्या नावात आहे, ते आमच्या घरात कुणी उच्चारायचंच नाही. मुलांनी वडिलांना नावाने हाक मारायची नाही, आणि बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. आजी त्यांना "अहो" म्हणायची, बाहेर सांगताना "आमचे हे" म्हणायची. फक्त लग्नकार्यात किंवा हळदीकुंकवाला सगळ्याजणी मागे लागल्या की उखाण्यात घ्यायची. आपल्याकडे त्याला "नाव घेणं" असंच म्हणतात. आजीचा स्वतः जुळवलेला उखाणा होता:

टपालाची थैली खांद्यावर, चढून येतात घाट,
––––रावांचं नाव घेते, सोडा माझी वाट.

त्या रेघेच्या जागी ती नाव इतक्या घाईत म्हणायची की ऐकू यायच्या आत पदर तोंडाला गेलेला असायचा.

आणि लग्नानंतर आजीच्या नावाच्या मधे तेच नाव आलं होतं. तिच्या वडिलांचं गेलं, नवऱ्याचं आलं. रेशन कार्डावर, बँकेच्या पुस्तकात. आण्णा 2017 साली गेले, तेव्हा फॅमिली पेन्शनच्या कागदांसाठी मी तिला घेऊन गेलो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "आजी, पूर्ण नाव सांगा." आजीने स्वतःचं नाव सांगितलं, मग आडनाव. बाई म्हणाल्या, "मधलं?" आजी गप्प. बाईंनी पुन्हा विचारलं, अगदी मायेने विचारलं. आजीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू सांग."

मी सांगितलं. मग बाईंनी कागद पुढे केला आणि आजीने सही केली, पूर्ण नावाची, तिन्ही भागांची. पन्नास वर्षं जे तोंडाने म्हटलं नाही ते तिने एकेक अक्षर जोडत लिहिलं. सही शिकवली होती आण्णांनीच, जुन्या पत्रांच्या पाठकोऱ्या बाजूवर.

खरं तर त्याच्या आठवडाभर आधी मलाही तेच झालं होतं. दहाव्याला नदीवर गुरुजी म्हणाले, वडिलांचं नाव घ्या, मग आजोबांचं, मग पणजोबांचं. तीन पिढ्यांची नावं घेऊन पाणी सोडायचं असतं. पणजोबांचं नाव मला आलं. आजोबांचं आलं. आण्णांचं येईना. तिथे ते कुठल्याही फॉर्मावर नव्हतं. गुरुजी थांबले. माझ्या काकांनी मागून खांद्यावर हात ठेवला, मग आलं.

परत आल्यावर दोनेक महिन्यांनी मी इथल्या एका दवाखान्यात रक्त तपासायला गेलो होतो. नर्स यादी घेऊन दारात आली. माझं नाव तिला उच्चारता येईना, जोडाक्षरं आहेत ना त्यात. तिने दोनदा प्रयत्न केला, मग पुढचा शब्द पाहिला, छोटा, सोपा, आणि मोठ्यांदा तोच पुकारला. आण्णांचं नाव. माझ्या घरात कुणी कधी मोकळ्या आवाजात म्हटलं नव्हतं ते नाव, त्या अनोळखी खोलीत, लख्ख. मी "हो" म्हणून उठलो. रक्त काढताना तिने विचारलं, दुखतंय का. मी नाही म्हणालो. त्या दिवशी घरी आल्यावर मी तुला उचलून घेतलं होतं आणि बराच वेळ खाली ठेवलं नव्हतं. तू चार वर्षांची होतीस, तुला आठवणार नाही.

1999 च्या वर्ल्ड कपमध्ये सचिनचे वडील गेले. तो इंग्लंडहून मुंबईला आला, आणि परत जाऊन 23 मे ला ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद 140 केले. शतक झाल्यावर त्याने वर आकाशाकडे पाहिलं. ती मॅच मी आणि आण्णांनी शेजारच्यांच्या टीव्हीवर पाहिली. सगळे टाळ्या वाजवत होते. आण्णा हळूच म्हणाले, "पोचलं बरं का." पोस्टमनच तो.

आता तू जे विचारलं नाहीस पण विचारशील, ते आधीच सांगतो. आईचं नाव कुठे आहे? तुझ्या नावात नाही, माझ्याही नाही. मला हे बरोबर वाटत नाही. आजीने आण्णांची थैली शिवली, पहाटे उठून भाकरी बांधून दिली, तिचं नाव मात्र माझ्या कुठल्याही कागदावर मधे आलं नाही. महाराष्ट्रात आता हे बदललं आहे. 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. आणि हे अगदीच नवं आहे असंही नाही. सुमारे 1900 वर्षांपूर्वी आपल्याकडे सातवाहन राजे होते, त्यांतल्या मोठ्या राजाचं नाव गौतमीपुत्र सातकर्णी. गौतमी त्याची आई. तिने कोरवलेला लेख नाशिकच्या लेण्यांत आहे. पुढच्या खेपेला आपण जाऊ, तुला दाखवतो.

तर फॉर्मचं. तो फ्रिजवर लावून ठेवला आहे, मधला रकाना रिकामा आहे. तिथे तुला माझं नाव लिहायचं असेल तर लिही, आईचं लिहायचं असेल तर लिही. नवं, तुझं स्वतःचं हवं असेल तर त्याला कागदपत्रं लागतील, पण तसं सांग, आपण चौकशी करू. मला वाईट वाटणार नाही असं म्हणत नाही. थोडं वाटेल. पण तुझ्या नावात राहायचं तर तुझ्या मर्जीने राहावं, असं मला मनापासून वाटतं.

हे पत्र मी तुला हातातच देऊ शकलो असतो. मुद्दाम टपालाने पाठवलं. पाकीट टाकून देऊ नकोस. त्यावर तुझं नाव आण्णांच्या वळणाने लिहायचा प्रयत्न केला आहे, चार भागांत: तू, आई, मी आणि आडनाव. खाली पिन कोडच्या जागी इथला झिप कोड आहे. डाव्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याचं नाव आहे, तेही पूर्ण. त्यातला मधला शब्द मोठ्यांदा वाच. तू नात आहेस, तुला चालतं.

तुझा,
बाबा