लट्झच्या आधीचा अर्धा सेकंद

प्रिय लेकी,

तुला मराठी वाचायला वेळ लागतो, ठाऊक आहे. अडलीस तर आजीकडून वाचून घे. मधला एक भाग मात्र एकटीने वाच, कुठला ते कळेलच.

परवा फिगर स्केटिंगचे बूट सोडता सोडता तू विचारलंस, "काका, शाळा ऑनलाइन करू? आणि क्वाड सुरू करू?" क्वाड म्हणजे हवेत चार फेऱ्यांची उडी, तुझ्या तीनच्या पुढची. तुझी आई गाडीची किल्ली हातात घेऊन मागेच उभी होती, म्हणून मी नुसतं "बघू" म्हणालो. त्या "बघू"चं हे लांबलेलं उत्तर.

मी कोच नाही. तुम्ही पोरं मला रिप्ले-काका म्हणता, तेवढाच माझा अधिकार. उड्या तपासणाऱ्या टेक्निकल पॅनलला व्हिडिओचा हवा तो तुकडा मागे-पुढे करून दाखवायचा. पण बारा वर्षं मुलींच्या उड्या थांबवून थांबवून पाहिल्या की काही गोष्टी डोळ्यांत बसतात.

गेल्या स्पर्धेतला तुझा ट्रिपल लट्झ घे, तीन फेऱ्यांची उडी. लांब वळण घेत मागे येतेस, डावं ब्लेड बाहेरच्या एजवर, म्हणजे बाहेरच्या कडेवर, अगदी शोभून दिसतं. मग उजव्या पायाची टो-पिक, म्हणजे ब्लेडच्या टोकाचे दात, बर्फात रुतायच्या आधीच्या अर्ध्या सेकंदात तुझा डावा घोटा आत कलतो. साध्या डोळ्याला दिसतही नाही. स्लो मोशनमध्ये मात्र ब्लेड आडवं होत आतल्या एजवर पडतं आणि लट्झचा फ्लिप होतो, म्हणजे आतल्या एजवरून मारायची वेगळीच उडी. प्रोटोकॉलच्या, म्हणजे गुणांच्या, कागदावर उडीपुढे ‘ई’ ही चुकलेल्या एजची खूण आली ती त्यामुळे. 5.90 गुणांची उडी 4.72 वर आली, वर जजेसनी वजा गुण दिले ते वेगळेच.

क्वाड लट्झला 11.50 आहेत. आकडा बघून कुणाच्याही तोंडाला पाणी सुटेल. पण क्वाडलाही निघायचं त्याच घोट्यावरून, त्याच एजवरून. जो घोटा तीन फेऱ्यांना दगा देतो, त्याच्यावर चौथी लादून काय होणार? पाया कच्चा ठेवून मजला चढवण्यातला प्रकार.

तुझी घाई मला कळते. तू लहानपणी टीव्हीवर पाहिलंस ते पंधरा-सोळाच्या मुलींचं स्केटिंग. पदकं घ्यायची आणि दोन वर्षांत दिसेनासं व्हायचं. पण नियम बदललाय, हे तुझ्या डोक्यात अजून शिरलेलं नाही. बीजिंग ऑलिंपिकमध्ये रशियाच्या 15 वर्षांच्या वालिएवाचं डोपिंगच्या प्रकरणात जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. वय वाढवायची चर्चा आधीपासून होतीच. जून 2022 मध्ये आयएसयूने, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने, 100 विरुद्ध 16 मतांनी सीनियरचं किमान वय टप्प्याटप्प्याने 17 केलं. म्हणजे आज क्वाड आला तरी तो घेऊन तू ज्युनियरमध्येच असशील. गाडीला वेळ आहे, आत्तापासून फलाटावर धावत सुटू नकोस.

अलिसा लिऊचं बघ. 2019 मध्ये 13 व्या वर्षी अमेरिकेची विजेती, त्याच वर्षी स्पर्धेत क्वाड लट्झ. 2022 ला बीजिंगमध्ये सहावी, लगेच जागतिक स्पर्धेत ब्राँझ, आणि सोळाव्या वर्षी निवृत्ती! बूट कपाटात गेले. एव्हरेस्टच्या बेस कॅम्पपर्यंत चालून आली, कॉलेजात गेली. 2024 मध्ये आपणहून परतली आणि 2025 ला बोस्टनमध्ये जगज्जेती झाली. तिच्या त्या सादरीकरणात एकही क्वाड नव्हता. जपानच्या साकामोतोने तर क्वाड आणि साडेतीन फेऱ्यांचा ट्रिपल अ‍ॅक्सेल दोन्हींवाचून 2022, 2023, 2024 अशी ओळीने तीन जागतिक विजेतेपदं नेली. तिचा वेग बघ, उडीनंतर ती ज्या लांबीने वाहत जाते ते बघ. मी तर तिचं स्केटिंग आवाज बंद करूनही बघतो.

आता तो भाग. तुझ्या आईला वाटेल, काकाने हे कशाला लिहावं. माझी लेक पंधराची असताना नडगी दुखते म्हणायची. तिच्या तेव्हाच्या कोचने सांगितलं, सोस, सगळ्यांचीच दुखते. मीही मान डोलावली आणि पहाटे पाचला गाडी काढत राहिलो. तिची पाळी चार महिने आली नव्हती, हे घरात मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. शरीराला पुरेसं खायला मिळालं नाही की ते पाळी थांबवतं आणि हाडंही ठिसूळ होत जातात, हे मला डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्यावर कळलं. तुझी पाळी चुकली तर त्याच आठवड्यात आईला सांग. हलकी झालीस की फेऱ्या पटापट होतात, असं कपडे बदलायच्या खोलीत कुणी म्हणालं तर ऐकून सोडून दे.

या वर्षी तुझी उंची झपाझप वाढतेय. हात-पाय लांबले की भोवरा मंद फिरतो, तुझ्या उड्या अपुऱ्या पडतील. वर्षभर चिडचिड होईल. त्याला तुझा आळस कारण नाही. तेवढ्या काळात एजेस, स्पिन, स्टेप्स वाढव. आणि बूट घट्ट व्हायला लागले की लगेच सांग, "आणखी दोन महिने चालतील" हे आईच्या पाकिटाकडे बघून म्हणू नकोस. तिच्याशी मी बोलेन.

शाळेचं म्हणशील तर सोडू नकोस. सकाळचे दोन तास बर्फ, मग वर्ग, हे जमतंय तोवर जमव. रिंकवर सगळे तुला तुझ्या उड्यांवरून ओळखतात. ज्यांना लट्झ म्हणजे काय हे ठाऊकच नाही, अशा चार मैत्रिणी असू देत. डिआना स्टेलाटो-ड्युडेकने 2000 मध्ये ज्युनियर जागतिक रौप्य जिंकलं, मग खुब्याच्या दुखापतींनी खेळ सोडला, नोकरी केली. 16 वर्षांनी परतली आणि 2024 ला माँट्रियलच्या जागतिक स्पर्धेत जोडी प्रकारात सुवर्ण घेतलं. तेव्हा ती चाळीस वर्षांची होती. तुझ्या आईपेक्षा जरा मोठीच!

शनिवारी झांबोनी, ती बर्फ गुळगुळीत करणारी गाडी, फिरून गेली की लगेच ये, बर्फ कोवळं असतं तेव्हा एजची रेघ स्वच्छ उमटते. मी कोपऱ्यात मागच्या बाजूने फोन धरीन. उडायचं नाही, फक्त लट्झचं वळण, टो-पिक लावेपर्यंत. वीस वेळा. मग दोघं वाकून तुझी रेघ बघू.

तुझा,
रिप्ले-काका