दुकानात वाजवून घेतला, म्हणून हक्क जातो का?

प्रश्न: मी सिडकोत राहतो, लग्नांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवून घर चालवतो. 11 दिवसांपूर्वी नाशिकमधल्याच एका दुकानातून 32,500 रुपयांचा ॲम्प्लिफायर घेतला. डिस्प्लेचा नग तासभर वाजवून पाहिला. हातात दिला तो सीलबंद खोका. घरी वीसेक मिनिटांत घूंऽऽ असा आवाज सुरू होतो. दुकानदार म्हणतो, "तुम्हीच वाजवून घेतलात. घरचं अर्थिंग खराब असेल, नाहीतर कंपनीकडे जा." बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलंय.

उत्तर: तुमची बाजू भक्कम आहे, आणि ती त्या सीलबंद खोक्यामुळेच. 1930 च्या मालविक्री कायद्याचं कलम 16 सांगतं की ग्राहकाने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दोष कळायला हवे होते त्यांबद्दल त्याला बोलता येत नाही. तोच नग घरी आणला असता, तर "तासाभरात ऐकू आलं नाही का?" असं विचारायला दुकानदाराला जागा होती. तुम्ही वाजवलात तो नग अजून दुकानातच आहे. म्हणून खोक्यावरचा, ॲम्प्लिफायरच्या मागचा आणि बिलावरचा सिरियल नंबर यांचे फोटो आजच काढा. जमलं तर डिस्प्लेच्या नगाचाही.

अर्थिंगचा मुद्दा मात्र झटकू नका. प्रकरण ग्राहक आयोगाकडे गेलं, तर तिथे पहिला बचाव तोच येईल. गिटारची केबल काढा, व्हॉल्यूम शून्यावर ठेवा आणि अर्धा तास चालू ठेवा. मग अर्थिंग नीट असलेल्या दुसऱ्या घरी तेच करून पाहा. तरीही घरघर आली, तर दोष गिटारचा नाही, तुमच्या घरचाही नाही. दोन्हीकडे सलग व्हिडिओ काढा. ओळखीच्या मेकॅनिककडून ॲम्प्लिफायर उघडून घेण्याचा मोह कृपया टाळा. सील तुटलं की वॉरंटी अडते, शिवाय प्रयोगशाळेत तपासणीची वेळ आली तर पुरावाही डागाळतो.

बिलावरच्या त्या ओळीला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात मुदत दिली नसेल तर त्यासाठी 30 दिवस धरले जातात. तुमचे 11 गेलेत. दुकानदार आणि उत्पादक, दोघांच्या नावे याच आठवड्यात स्पीड पोस्टने नोटीस पाठवा आणि बदली नग किंवा पूर्ण रक्कम मागा.

'धंद्यासाठी घेतला, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही' असंही म्हटलं जाईल. स्वतः वाजवून स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला कायदा ग्राहकच मानतो. पण तुम्ही हा ॲम्प्लिफायर भाड्याने देत असाल, तर गोष्ट वेगळी. तसं असेल तर मला आधी कळवा.

नोटिशीला दाद मिळाली नाही, तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. 5 लाखांपर्यंत फी नाही, मुदत 2 वर्षं. दरम्यान 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक जपून ठेवा.